सागाचा ठोकळा

परवान्यावर जांभळ्या शिक्क्याखाली लिहिलं होतं:
भेकर, नर, नग एक.
पेठ रेंज. पंधरा दिवस.
आणि टायपिस्टाचं राहून गेलेलं, कुणीतरी टाकाने:
बंदूक एकबारी असावी.

सटाणकर वकिलांनी तो कागद
आमच्या लेथवर पसरला, कडांवर काडतुसं ठेवून.
"नळी मोजा, नाना. एकच आहे की नाही?
मग ही एकबारीच झाली."
नानांनी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला,
पाच वेळा. रिकाम्या पोटाचा पाच वेळा आवाज.
"नळी एक, वकीलसाहेब. बार पाच.
रेंजरला मराठी येतं."

तांबट आळीत आमचंच एक घर होतं
जिथे हंडे ठोकले जात नव्हते.
आजोबांनी घंगाळं केली, नानांनी चाप, घोडे, कमानी.
दिवसभर शेजारून ठणठण यायची
आणि त्यात नाना कानस चालवायचे
इतकी हळू, की ऐकूच यायची नाही;
माझ्या परकरावर लोखंडाची पूड जमायची
तेव्हा कळायचं, काम चाललंय.

लोखंड कापायचं नाही, म्हणाले.
कापलेलं परत येत नाही. आपण पोट भरू.
जुन्या दाराची सागाची फळी होती.
तिच्यातून चार बोटं लांब, दोन बोटं रुंद तुकडा,
पटाशीने, मग फुटक्या काचेने खरवडून.
मी दिव्यावर धरून तो काजळायचे.
आत घालायचा, बाहेर काढायचा,
काजळी कुठे पुसली गेली ते बघायचं,
तिथे कानशीचा एक हात. पुन्हा काजळी.
तिसऱ्या दिवशी ठोकळा आत बसला
आणि हलवला तरी बोलेना.
खालून एक स्क्रू, त्याची खाच शिशाने बुजवलेली,
रानात मोह झाला तर नखाने उघडायला नको.
आता एक काडतूस हाताने ठेवायचं, बोल्ट लावायचा,
उडवायचं, मग खिसा चाचपायचा.

"आणि नेम चुकला तर?"
"तर भेकराला घरी जाऊ द्यायचं."
वकील हसले. मीही हसले, नऊ वर्षांची.
लागणं आणि न लागणं,
एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी ते परत आले,
पायमोज्यांत कुसळं, दाढी वाढलेली.
"मागच्या पायाला लागली, नाना.
खिशातून दुसरं काढेपर्यंत
ते करवंदीच्या जाळीत, तिथून नाल्यात.
हरसूलच्या अंगाला रात्रभर
बॅटरीच्या उजेडात रक्त वेचत गेलो.
भुंकत होतं. कुत्र्यासारखं भुंकतं ते, माहितेय?
पहाटे थांबलं.
सापडलं नाही.
पाच असते तर
तिथल्या तिथे मिटलं असतं."

शेजारी कुणीतरी घंगाळाचा काठ वळवत होतं.
पाच असते तर पहिला इतक्या लांबून टाकला असतात,
की आणखी चार भेकरं लंगडली असती,
असं नाना म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली.
म्हणाले नाहीत.
शिसं कोरून काढलं, स्क्रू सोडवला,
मजुरी परत केली. वकिलांनी घेतली नाही.
साडेसात रुपये महिनाभर लेथवर पडून होते,
नोटा तेल पीत.

पुढे शिकारच बंद झाली. आता त्या दुकानात
माझा भाचा पाण्याच्या मोटारी भरतो.
ठोकळा माझ्याकडे आहे, मागच्या दाराला,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.
एका अंगाला काजळी आहे अजून, माझ्या हातची.
रात्री पंचवटीकडे एखादं कुत्रं एकसारखं भुंकायला लागलं
की उठते, ठोकळा काढते,
आणि दार पुरतं लावून घेते.